विश्लेषण : गाडी ठरली, पण घाट कोण दाखवणार? वाई-मेणवली-माहुलीच्या एका दिवसाच्या खासगी सहलीत पैसे नेमके कशाचे मोजायचे?

शनिवारी सकाळी सुरूर फाट्यावरून वाईकडे वळणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेक गाड्या वाईत थांबत नाहीत. पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर गाठायचे असते. वेळ असलाच तर ढोल्या गणपतीचे दर्शन, घाटावर चार फोटो आणि पुढे प्रयाण. वाई हे कृष्णेकाठचे गाव पाहण्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा, असे फार थोड्यांना वाटते.

अलीकडे मात्र 'हेरिटेज डे ट्रिप', 'प्रायव्हेट गाइडेड टूर' अशा नावांनी या गावांच्या सहली विकल्या जाऊ लागल्या आहेत. परदेशातून सुटीवर आलेली मुले आई-वडिलांसाठी त्या ठरवतात, पुण्यातील एखादे कुटुंब घरी आलेल्या पाहुण्यांसाठी ठरवते. व्हॉट्सॲपवर एक आकडा येतो, ॲडव्हान्स भरला जातो आणि ठरल्या दिवशी दारात गाडी येते. गाइड कुठे आहे, असे विचारल्यावर उत्तर मिळते, 'ड्रायव्हरला सगळे माहीत आहे.'

खासगी सहलीत सर्वांत महाग वस्तू गाडी असते, पण नदीकाठच्या गावात सर्वांत उपयोगी ठरतो तो माणूस. या दोघांचा हिशेब वेगळा का मांडायचा, हे समजून घेण्यासाठी आधी कृष्णाकाठी नेमके काय आहे ते पाहावे लागेल.

याच गावांची निवड का?

एका दिवसात पुण्याहून जाऊन परतता येईल, चालणे फार नसेल आणि एकाच नदीच्या काठाने फिरता येईल, असा हा मार्ग आहे. पुणे-वाई अंतर सुमारे ९० किलोमीटर. वाईपासून मेणवली तीन किलोमीटरवर आणि त्याच रस्त्याने पुढे धोम. परत वाईला येऊन पाचवडमार्गे महामार्गाला लागले की साताऱ्याच्या अलीकडे लिंब आणि साताऱ्याच्या पूर्वेला पाचेक किलोमीटरवर कृष्णा-वेण्णा संगमावरची माहुली. तिथून महामार्गाने पुणे. सगळे मिळून साधारण २७० किलोमीटर होतात.

अंतराइतकेच महत्त्वाचे कारण इतिहासाचे आहे. या पट्ट्यात अठराव्या शतकातील मराठी सत्तेची दोन्ही टोके दिसतात. वाई-मेणवलीत पेशव्यांच्या सासुरवाडीचा आणि कारभाऱ्यांचा पैसा दगडात उतरला आहे, तर माहुलीत साताऱ्याच्या छत्रपती घराण्यातील माणसे विसावली आहेत. दोन्हीकडे नदी तीच आहे, पण जतनाची स्थिती सारखी नाही.

वाईच्या घाटांवर पाहायचे काय?

वाईला 'दक्षिण काशी' म्हणतात. (हा मान महाराष्ट्रात आणखी काही गावांनाही आहे. त्यामुळे गाइडने त्यावर पंधरा मिनिटे खर्च करू नयेत.) गावाची रचना आळींची आहे आणि आळी घाटाला जोडलेल्या आहेत. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड आळी असे सात घाट. माघापासून एकेका घाटावर आळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ती बसते, प्रसादाच्या पंगती उठतात. नदीला 'बाई' म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीसारखे वागवणारा हा उत्सव अफझलखानाच्या स्वारीच्या काळातील नवसाशी जोडला जातो. अफझलखान वाईचा सुभेदार होता आणि प्रतापगड इथून फार लांब नाही, हे लक्षात घेतले की ही आठवण गावाने का जपली ते कळते.

आजची वाई दिसते ती मुख्यतः रास्ते घराण्यामुळे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या वाईच्या भिकाजी नाईक रास्ते यांच्या कन्या. सोयरीक झाली आणि रास्त्यांचे वजन वाढले. काशी विश्वेश्वराचे मंदिर १७५७ मध्ये आनंदराव भिकाजी रास्ते यांनी, तर महागणपतीचे १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले. पानिपताला जेमतेम वर्ष झालेले असताना वाईत एवढे मोठे मंदिर उभे राहत होते, ही तारीख थोडी थांबून पाहण्यासारखी आहे.

महागणपती म्हणजेच ढोल्या गणपती. मूर्ती एकाच दगडातील, भव्य. दर्शन घेऊन बहुतेक जण पुढच्या दाराने निघून जातात. मंदिराची खरी करामत मात्र मागच्या भिंतीत आहे. ही भिंत सरळ नसून माशाच्या आकाराची, टोकदार आहे. पुराचे पाणी सपाट भिंतीवर आदळले तर सगळा दाब तिच्यावर येतो. टोक असेल तर प्रवाह दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी सरकून जातो. पुलांच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूने टोक देतात ते याच कारणाने. नदीच्या इतक्या जवळ बांधायचे म्हटल्यावर पूर येणारच, हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे. मंदिराला वळसा घालून मागे जायला दोन मिनिटे लागतात. तिकडे नेणारा कोणी नसेल तर ती दोन मिनिटे सुचतच नाहीत.

घाटांच्या पायऱ्यांचेही तसेच. कृष्णेची पातळी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कितीतरी बदलते. पायऱ्या असल्या की पाणी कोणत्याही पातळीवर असो, काठ हाताशी असतो. धुणे, स्नान, श्राद्ध, सगळे त्याच काठावर.

वाईत आणखी एक थांबा सुचवण्यासारखा आहे, पण तो सहसा कोणत्याही पॅकेजमध्ये नसतो. केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा इथलीच. विनोबा भावे संस्कृत शिकायला इथे आले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथलेच आणि त्यांच्यामुळे मराठी विश्वकोशाचे काम मुंबई-पुण्यात न होता वाईत उभे राहिले. पाहायला तिथे फारसे काही नाही, पण वाचणाऱ्या माणसाला या गावाबद्दल एकदम वेगळा आदर वाटू लागतो.

मेणवलीची घंटा कुठून आली?

मेणवली गाव १७६८ मध्ये नाना फडणवीसांना मिळाले. नानांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. कृष्णेकाठी त्यांनी वाडा, घाट आणि मंदिरे बांधली. सहा चौकांचा वाडा आजही उभा आहे. आत लाकूडकाम आहे, भिंतींवर जुन्या चित्रांचे अवशेष आहेत. १८०० मध्ये नाना गेले. त्यांच्या पत्नी जिऊबाई पुढे इथेच राहिल्या. नानांची कागदपत्रे, म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकांचे 'मेणवली दफ्तर', याच वाड्यातून बाहेर आली. इतिहास संशोधक द. ब. पारसनीस यांच्या साताऱ्याच्या संग्रहातून ती पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचली. पेशवाईच्या उत्तरार्धाबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे, त्यातील बराच भाग या कागदांवर उभा आहे. वाडा खासगी मालकीचा असल्याने तो केव्हा पाहता येईल आणि किती आतपर्यंत जाता येईल, हे आधी विचारून घ्यावे लागते. गाइड स्थानिक असेल तर हे काम एका फोनवर होते.

वाड्यामागे उतरले की चंद्रकोरीसारखा वळलेला घाट लागतो. घाटावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे मंदिर आहे आणि शेजारी लहानशा दगडी बांधकामात टांगलेली एक मोठी घंटा. पंचधातूची, वजन सुमारे ६५० किलो. हिंदू देवळाजवळच्या या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे आणि साल आहे १७०७.

उलगडा वसईत होतो. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. त्या मोहिमेनंतर चर्चमधील घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या आणि वेगवेगळ्या देवस्थानांत लागल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील आणि भीमाशंकरची घंटाही पोर्तुगीजच. मेणवलीची घंटा म्हणजे उत्तर कोकणातील त्या लढाईचा कृष्णेकाठी आलेला पुरावा आहे.

गाइडची परीक्षा घ्यायची असेल तर ती इथेच घेता येते. घंटेजवळ उभे राहून तो काय सांगतो ते ऐकावे. इथे चालणाऱ्या माहितीचा मोठा भाग सिनेमाचा असतो. 'स्वदेस' इथे चित्रित झाला, 'मृत्युदंड' इथे झाला, शाहरुख कुठे उभा होता वगैरे. माहिती खोटी नाही आणि लहान मुलांना ती आवडतेही. गंमत अशी की हे दोन्ही चित्रपट उत्तर भारतात घडतात, त्यामुळे मेणवलीचा हा घाट पडद्यावर कधी आपल्या नावाने आलाच नाही. वसईचे नाव न घेता गाइड पुढे सरकला, तर दिवसाचे मानधन वाया गेले असे खुशाल समजावे.

धोम आणि लिंबला वळसा घालावा का?

धोमला घालावा. नृसिंह मंदिराच्या आवारात कमळाच्या आकाराचे दगडी कुंड आहे आणि त्यात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. कुंडात पाणी असते तेव्हा नंदी पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो. अर्धा तास पुरतो. जवळच धोम धरण आहे, साठवण क्षमता साडेतेरा टीएमसी. त्याचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

लिंबची बारामोटेची विहीर नदीवर नाही, पण महामार्गापासून जवळ आहे. अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल, आणि आत चक्क छोटा महाल. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाईंनी ती बांधल्याचा शिलालेख विहिरीतच आहे, शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. बैल उताराच्या धावेवरून पुढे चालले की मोट वर येते. अशा बारा मोटा एकाच वेळी चालतील एवढी जागा काठावर आहे. परिसरातील आमराईला हे पाणी जात असे. इथे शिलालेख स्वतःच बोलतो, त्यामुळे गाइड नसला तरी चालते.

मग गाइड सर्वांत जास्त कुठे लागतो?

माहुलीत. आणि नेमके तेच ठिकाण बहुतेक पॅकेजमधून गळलेले असते.

कृष्णा आणि वेण्णा इथे भेटतात. एका तीरावर संगम माहुली, दुसऱ्यावर क्षेत्र माहुली. संगम माहुलीचे विश्वेश्वर मंदिर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ मध्ये बांधले, समोरच्या काठावर रामेश्वर आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल रघुनाथरावांना दोषी ठरवणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे माहुलीचेच. मंदिरांचे दगडकाम, दीपमाळा, घाट, सगळे फोटोत छान येते आणि पर्यटक तेवढेच घेऊन परततात.

पण माहुलीचे मोठेपण पायाखालच्या दगडांत आहे. साताऱ्याच्या छत्रपती घराण्यातील व्यक्तींच्या समाधी या काठावर आहेत. १७४९ मध्ये निधन पावलेल्या थोरल्या शाहू महाराजांची समाधी इथे आहे. संभाजी महाराजांच्या पत्नी महाराणी येसूबाई, ज्यांनी जवळपास २९ वर्षे मोगलांच्या कैदेत काढली आणि १७१९ मध्ये सुटून परत आल्या, त्यांची समाधी इथे आहे. राजाराम महाराजांच्या मागे औरंगजेबाशी लढा चालू ठेवणाऱ्या महाराणी ताराबाईंचीही. त्या १७६१ मध्ये, पानिपत झाले त्याच वर्षी, वारल्या. शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याची समाधीसुद्धा इथे दाखवतात आणि बऱ्याच जणांना तेवढीच लक्षात राहते.

ताराबाईंची समाधी म्हटल्यावर डोळ्यांसमोर छत्री, कठडा, फलक असे काही येत असेल, तर ते बाजूला ठेवावे लागेल. पात्रालगतच्या समाधी पुराचा मार सोसत आल्या आहेत. गाळ चढतो, चिरे निखळतात, झुडपे वाढतात. अनेक चौथऱ्यांवर नाव नाही. माहीत नसलेला माणूस त्यावर बसून चहा पिईल आणि त्याला दोषही देता येणार नाही. कोणता चौथरा कोणाचा हे स्थानिक अभ्यासकांना ठाऊक आहे. त्यातील काही ओळखींबद्दल त्यांच्यातही मतभेद आहेत आणि चांगला गाइड ते मतभेदही सांगतो. ही माहिती आज मुख्यतः माणसांच्या डोक्यात आहे. पर्यटक येतील, विचारतील, त्यासाठी पैसे देतील, तर ती पुढच्या पिढीकडे जाण्याची शक्यता तरी राहील. गाइडचे मानधन वाचवणाऱ्या सहलीत सर्वांत आधी तुटतो तो हाच धागा.

एक सूचना. साताऱ्याची स्मशानभूमी आजही संगम माहुलीतच आहे. समोर कोणाचे अंत्यसंस्कार चालू असतील तर कॅमेरा आणि आवाज दोन्ही खाली ठेवावेत.

गाइडकडे परवाना असावा लागतो का?

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतील स्मारकांच्या आवारात परवानाधारक गाइडच चालतो. अजिंठा-वेरूळला ओळखपत्र लावलेले गाइड दिसतात ते त्यामुळे. केंद्रीय पर्यटन मंत्रालय 'अतुल्य भारत' या नावाखाली ऑनलाइन प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देते, राज्याचे पर्यटन संचालनालयही गाइड प्रशिक्षण घेते. पण वाईचा घाट हा तिकीट असलेला किल्ला नाही. तिथे येऊन कोणीही 'मी गाइड' म्हणू शकतो.

त्यामुळे प्रमाणपत्र असेल तर चांगलेच, पण तेवढ्यावर विसंबून चालत नाही. प्रमाणपत्र असलेला पुण्याचा गाइड वाईबद्दल पाठ केलेली दहा वाक्ये सांगू शकतो आणि कोणताही कागद नसलेले, त्याच गावात हयात गेलेले निवृत्त शिक्षक दोन तास खिळवून ठेवू शकतात. बुकिंगआधी गाइडशी थेट पाच मिनिटे फोनवर बोलायला मिळावे, अशी अट एजन्सीला घालावी. मेणवलीच्या घंटेवर काय कोरले आहे, ढोल्या गणपतीची मागची भिंत तशी का आहे, माहुलीत कोणाकोणाच्या समाधी आहेत, एवढे विचारले तरी अंदाज येतो. एजन्सी फोन जोडून द्यायला टाळाटाळ करत असेल तर गाइड अजून ठरलेलाच नाही, असे समजायला हरकत नाही.

आणखी एक खूण म्हणजे भाषा. 'असे म्हणतात' आणि 'असे लिहिलेले आहे' यांत फरक करणारा गाइड भरवशाचा. वाई ही पांडवांची विराटनगरी, ही लोककथा आहे. बारामोटेच्या विहिरीचे साल हा शिलालेख आहे. दोन्ही सांगाव्यात, पण एकाच सुरात नको.

पैसे नेमके कशाचे लागतात?

व्हॉट्सॲपवर आलेला एक आकडा फोडून मागावा. त्यात साधारण गाडीभाडे, चालक भत्ता, टोल आणि पार्किंग, गाइडचे मानधन, जेवण आणि एजन्सीचा वाटा असे घटक असतात. जीएसटी धरला आहे की वर लागणार, हेही आधीच स्पष्ट करून घ्यावे.

बाहेरगावच्या गाडीभाड्यात दिवसाचे किमान किलोमीटर ठरलेले असतात, बहुधा २५० किंवा ३००. गाडी त्यापेक्षा कमी फिरली तरी पैसे तेवढ्याचेच. निव्वळ पुणे-वाई-मेणवली-पुणे केले तर १९० किलोमीटरच्या आसपास होतात, म्हणजे शंभरेक किलोमीटरचे भाडे न वापरता भरले जाते. धोम, लिंब, माहुली जोडली की आकडा २७० वर जातो. किमान ३०० ची अट असेल तर गाडीभाड्यात एक रुपयाही वाढत नाही, आणेवाडीचा टोल तेवढा जास्तीचा. 'माहुली ॲड केली तर एक्स्ट्रा लागतील' असे कोणी म्हणाले तर हे गणित त्याच्यासमोर ठेवावे.

हिशेबासाठी काही आकडे धरू. किलोमीटरला १५ रुपयांप्रमाणे ३०० किलोमीटरचे ४,५०० रुपये, चालक भत्ता ४००, गाइडचे दिवसाचे मानधन २,५००. टोल आणि जेवण सोडून ७,४०० रुपये झाले. दोघांत माणशी ३,७००, चौघांत १,८५०. गाडी आणि गाइड दोघांचेही दर माणशी नसतात, दिवसाचे असतात. म्हणून खासगी सहल दोघांना महाग आणि चौघांना बरी पडते. गाइड काढून टाकला तर चौघांत माणशी ६२५ रुपये वाचतात. तेवढ्यात माहुलीतील चौथऱ्यांची नावे जातात.

या पैशातील किती भाग कृष्णाकाठी राहतो, हेही पाहावे. गाडी पुण्याची, एजन्सी पुण्याची, डबा पुण्याहून नेलेला आणि गाइडही पुण्याचा असेल तर वाईत उरते ती पार्किंगची पावती. स्थानिक गाइड, वाईतील खानावळीत जेवण आणि परतताना साताऱ्याचे कंदी पेढे, एवढ्याने हे प्रमाण बरेच बदलते. एजन्सीमार्फत गाइड घेतला तर त्याच्या हातात किती पडतात हे विचारायला संकोच वाटतो. तो टाळायचा असेल तर गाडी वेगळी आणि गाइड वेगळा ठरवावा, मानधन थेट द्यावे.

गाडीची पाटी का पाहायची?

ओळखीतून स्वस्तात मिळालेली गाडी पुष्कळदा पांढऱ्या पाटीची असते. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खासगी वाहन. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार परवाना नसलेले वाहन भाड्याने प्रवासी नेण्यासाठी वापरता येत नाही. टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी, इलेक्ट्रिक टॅक्सीची पाटी हिरवी आणि अक्षरे पिवळी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी.

दंड हा त्यातील लहान भाग. अपघात झाला आणि खासगी गाडी भाड्याने चालत होती असे पुढे आले, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. खंबाटकी घाट आणि महामार्गावरची अवजड वाहतूक पाहता ही जोखीम चार-पाचशे रुपयांसाठी घेण्यासारखी नाही. बुकिंग करतानाच गाडीचा क्रमांक आणि पाटीचा फोटो मागवून घ्यावा.

कधी जावे?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सोयीचा काळ. उन्हाळ्यात घाटाचा दगड दुपारी अकरानंतर तापतो आणि अनवाणी चालणे नको होते. पावसाळ्यात काठ हिरवेगार असतात, फोटो सुरेख येतात, पण तेव्हाच नदी सर्वांत बेभरवशाची. वाई आणि मेणवलीच्या घाटांवरची पातळी वाईत पडणाऱ्या पावसावर अवलंबून नसते. वर धोम धरण आहे. वाईत ऊन असताना धरणातून विसर्ग सुरू झाला तर घाटाच्या पायऱ्या बघता बघता पाण्याखाली जातात. जुलै ते सप्टेंबरमध्ये जायचे असेल तर आदल्या संध्याकाळी धोमच्या विसर्गाची बातमी पाहावी. जिल्हा प्रशासन नदीकाठच्या गावांना इशारा देते, तो पर्यटकांसाठीही असतो.

पाणी उतरले की शेवाळ राहते. कठडे नाहीत, खालच्या पायऱ्या निसरड्या असतात आणि पाण्याखालची शेवटची पायरी कुठे संपते ते दिसत नाही. ज्येष्ठांना वरच्या टप्प्यापर्यंतच न्यावे. गुडघ्यांचा त्रास असेल तर बारामोटेच्या विहिरीत उतरू नये, वरून पाहिली तरी रचना समजते.

शक्यतो मंगळवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस निवडावा. शनिवारी सकाळी सुरूर ते पसरणी घाट आणि रविवारी संध्याकाळी साताऱ्याकडून पुण्याकडे, या दोन्ही वेळा महाबळेश्वरच्या गर्दीच्या असतात. पहाटे साडेसहाला पुणे सोडले तर नऊच्या आत वाई गाठते. घाट आणि मंदिरे अकरापर्यंत, मग मेणवली आणि धोम, दीडच्या सुमारास वाईत जेवण, साडेतीनला लिंब. माहुलीला पाचपर्यंत पोहोचावे, कारण समाधींचे कोरीव काम आणि झिजलेली अक्षरे उतरत्या, तिरप्या उन्हातच नीट दिसतात. हिवाळ्यात सहा वाजता अंधारते. त्याआधी गाइडला अर्धा-पाऊण तास तरी मिळाला पाहिजे. त्याला वाईतच सोडून पुढे निघायचा बेत असेल तर माहुलीसाठी दुसरा कोणी आहे का, हे सकाळीच विचारून ठेवावे.